पॅनिअर इंजिनाची बॉडी कुणाची? नाशिकमधल्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२४

देवळालीत लॅम रोडवरचा एक बंगला रिकामा झाला आणि त्यातलं सामान भद्रकालीतल्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानात येऊन पडलं. त्या ढिगातून हे मॉडेल इंजिन उचललं. दुकानदार २,५०० वर अडून बसला होता. मोटर फिरत नाही हे तिथंच नऊ व्होल्टची बॅटरी लावून दाखवल्यावर १,८०० ला सोडलं.

सोबत खोका आहे, कोपरे उसवलेले, वर ‘ट्राय-अँग रेल्वेज’ असं ब्रिटिश खेळण्यातल्या रेल्वेच्या ब्रँडचं नाव छापलेलं. माहितीपत्रक नाही. अशी इंजिनं आपल्याकडे अधूनमधून निघतात आणि विकणारा खोक्यावरचं नाव ठोकून देतो. हे ट्राय-अँगचं नाही असा संशय दुकानातच आला, कारण हातात घेतल्यावर ते वजनाला भलतंच भरलं. ट्राय-अँगच्या इंजिनांच्या बॉड्या प्लास्टिकच्या असायच्या. हिची धातूची आहे.

नोंदी अशाच कुणाच्या हाती असं धूड लागलं तर उपयोगी पडाव्यात म्हणून ठेवतोय.

११ जून

आधी हे मॉडेल कुठल्या खऱ्या इंजिनाचं आहे ते ठरवलं. ते सोपं निघालं. सहा चाकं, मागे कोळसा-पाण्याचा वेगळा डबा (टेंडर) नाही, पाण्याच्या टाक्या बॉयलरच्या दोन्ही अंगांना गाढवाच्या पाठीवरच्या गोण्यांसारख्या लटकलेल्या. ही पॅनिअर टाकी म्हणजे इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेची खूण. त्यातही टाक्या पुढच्या धुराच्या पेटीपर्यंत न जाता अलीकडेच संपतात. सगळ्यात जास्त बनलेल्या ५७०० वर्गात त्या थेट पुढच्या टोकापर्यंत जातात, म्हणून तो बाद. केबिनवर रंगवलेला नंबर ९४ पर्यंत शाबूत आहे, पुढचे दोन आकडे उडालेत.

म्हणजे ग्रेट वेस्टर्नचे मुख्य अभियंता हॉक्सवर्थ यांचा ९४०० वर्ग. एकूण २१० इंजिनं. पहिली दहा १९४७ साली कंपनीच्या स्विंडनच्या कारखान्यात झाली, बाकीची २०० राष्ट्रीयीकरणानंतर १९५६ पर्यंत बाहेरच्या कारखान्यांनी बांधली. निर्माता शोधायला याचा एक फायदा झाला: १९४७ च्या आधीचं मॉडेल असण्याचा प्रश्नच मिटला.

खोक्याचाही थोडा आधार मिळतो. ट्राय-अँग हा लाइन्स ब्रदर्स या खेळणी कंपनीचा ब्रँड. त्यांनी १९६४ साली हॉर्नबी डब्लो या प्रतिस्पर्धी मॉडेल रेल्वेचा धंदा घेतला आणि पुढच्या वर्षापासून नाव ‘ट्राय-अँग हॉर्नबी’ झालं. या खोक्यावर नुसतं ट्राय-अँग आहे, म्हणजे खोका त्याआधीचा. पण हे वय खोक्याचं झालं. बॉडीचं नव्हे.

१६ जून

रविवार. कारखान्यातून व्हर्निअर घरी आणला होता. (सातपूरला टूलरूममध्ये आहे. व्हर्निअर बाहेर नेताना रजिस्टरमध्ये ‘मुलाचा प्रोजेक्ट’ असं लिहिलं. मुलगा एमबीए करतोय.)

रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. यातून काही कळत नाही, कारण ब्रिटिश डबल-ओ आणि युरोपियन एच-ओ या दोन्ही प्रमाणांतली मॉडेलं याच रुळावर धावतात. डबल-ओ मध्ये एका फुटाला ४ मिमी, एच-ओ मध्ये ३.५ मिमी. रूळ समान, गाडीचा आकार वेगळा.

पहिल्या आणि शेवटच्या आसामधलं अंतर मोजलं आणि इथं खरी गोष्ट हाती लागली.

खऱ्या ९४०० ला हे अंतर १५ फूट ६ इंच आहे: पुढचा टप्पा ७ फूट ३, मागचा ८ फूट ३. फुटाला ४ मिमी धरून ६२ मिमी यायला हवेत. माझ्या इंजिनात ६६ आले. पुन्हा मोजले, ६६ च. पुढचा टप्पा ३२, मागचा ३४.

३२ आणि ३४ म्हणजे ८ फूट आणि ८ फूट ६. ही मापं ग्रेट वेस्टर्नची नाहीत, मिडलंड या दुसऱ्या ब्रिटिश रेल्वेच्या परंपरेतल्या ‘जिंटी’ इंजिनाची आहेत. आणि जिंटी हे ट्राय-अँगचं अगदी सुरुवातीपासूनचं, ढिगानं खपलेलं मॉडेल. म्हणजे खोका खोटा नाही. चासी, मोटर, चाकं ट्राय-अँगचीच. कुणीतरी जिंटी विकत घेतली, तिची प्लास्टिकची बॉडी काढून टाकली आणि त्या जागी ही धातूची ९४०० बसवली. चाकांच्या व्यासानं घोटाळा उघड केला नसता. जिंटीचं चाक ४ फूट ७ इंच, ९४०० चं ४ फूट साडेसात. मॉडेलमध्ये हा फरक नजरेला दिसत नाही. आसांचं अंतर मात्र लपत नाही.

तेव्हा प्रश्न आता एवढाच: बॉडी कुणाची?

१९ जून

मोटरचं काम मध्येच उरकून घेतलं. उघडी आर्मेचर, मागे चुंबकाचा ठोकळा, शाफ्टवर वर्म. ट्राय-अँगची एक्स-०४, शंका नाही. १२ व्होल्ट डीसी.

अ‍ॅडाप्टर लावला की लगेच बंद पडत होता, म्हणजे शॉर्ट. दोष ब्रशच्या स्प्रिंगमध्ये सापडला. एकाच स्प्रिंगच्या दोन तारा दोन्ही कार्बन ब्रश दाबून धरतात, त्यांतली एक चासीला जोडलेली असते आणि दुसरीवर इन्सुलेशनची बारीक नळी असते. ती नळी कुजून गळून गेली होती. बारीक वायरचं सोलून काढलेलं प्लास्टिक घातलं, कम्युटेटर स्पिरिटनं पुसला, खाचांतला काळा गाळ टाचणीनं काढला. फिरली. खर्च शून्य.

मोटर पूर्ण खोलायचा मोह होतो, पण खोलू नका. या मोटरचा चुंबक आर्मेचरभोवतीच्या लोखंडापासून वेगळा केला आणि तोंडावर लोखंडी पट्टी ठेवली नाही, तर त्याची ताकद उतरते. मग इंजिन चालतं, पण गरम होतं आणि डबे ओढत नाही.

२३ जून

धातू कोणता? दोन शक्यता. एक, मझॅक, म्हणजे जस्ताचा मिश्रधातू, जो पोलादी डायमध्ये दाबानं भरतात. हॉर्नबी डब्लोच्या बऱ्याच बॉड्या अशा होत्या. डाय महाग, म्हणून ते मोठ्या कारखान्याचं काम. दोन, व्हाइटमेटल: कथील-शिशाचा मिश्रधातू, रबराच्या साच्यात ओतलेला. हे घरी जोडायचे सुटे भाग (किट) विकणाऱ्या चार माणसांच्या छोट्या किटवाल्याला परवडतं. धातू कळला की निम्मे संशयित गळतात.

घनता काढली. मझॅक साधारण ६.७, व्हाइटमेटल त्याहून बरंच जड. बॉडी चासीवरून उतरवली, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली: २१२ ग्रॅम. मग दोऱ्यानं लटकवून पाण्यात बुडवून तोलली. तूट आली ३०. म्हणजे ७.१. ना धड इकडे ना तिकडे, पण मझॅकच्या जवळ. बरंच जुळवाजुळव करून ‘डाय-कास्ट, मोठा कारखाना’ असं लिहून ठेवलं आणि आठवडाभर त्याच दिशेनं शोधत बसलो.

३० जून

तो आठवडा वाया गेला. बॉडीच्या आत, टाक्यांच्या मागे हवा अडकते. वर रंगाचा जाड थर आणि आत कुणीतरी थापलेलं अ‍ॅराल्डाइट. हवा, रंग, गोंद तिन्ही हलके, त्यामुळे घनता कमी दिसणारच. जोडलेल्या, रंगवलेल्या बॉडीची घनता काढण्यात अर्थ नाही. एक सुटा, साफ तुकडा लागतो.

म्हणून रंग उतरवला. पेंट रिमूव्हर २२० रुपये, हातमोजे, गच्चीवर मोकळ्या हवेत. पाऊस डोक्यावर होता तरी घरात केलं नाही, वासानं डोकं उठतं. दोन थर निघाले: वर ब्रशनं मारलेला काळा, खाली नीट फवारलेला हिरवा. पहिल्या मालकाचा हात चांगला होता, दुसऱ्याला घाई होती.

४ जुलै

अ‍ॅराल्डाइटचे सांधे उकळत्या पाण्यात मऊ पडतात. व्हाइटमेटल असेल तर त्याला त्या तापमानात काही होत नाही. ही युक्ती जुन्या किटवाल्यांची आहे, आणि चालते. पातेलं काढताना घरातून विचारणा झाली.

“अहो, त्यात शिसं आहे म्हणालात ना?”

“बहुतेक.”

“मग ते पातेलं परत या घरात येणार नाही.”

रास्त आहे. ८० रुपयांचा अ‍ॅल्युमिनिअमचा टोप आणला, गॅलरीत छोट्या शेगडीवर. पंधरावीस मिनिटांनी डावी टाकी हलली, मग उजवी, मग केबिनचं छत. ओढायचं नाही, आपोआप सैल होईपर्यंत थांबायचं. पुढची एक पायरी मात्र सुटेना, ती गोंदानं नव्हे तर डाखानं बसवलेली निघाली. इलेक्ट्रॉनिक्सवाला मित्र म्हणाला मी सोडवतो, आणि त्यानं नेहमीची सोल्डरिंग गन टेकवली. पायरीचा थेंब झाला. व्हाइटमेटलला ७० अंशांवर वितळणारा खास डाख आणि तापमान कमी ठेवता येणारं सोल्डरिंग आयर्न लागतं. साध्या गननं डाखाआधी पायरीच जाते. पण त्या थेंबानं धातूचा निकाल मात्र लागला. जस्ताचा मिश्रधातू ३८० अंशांच्या आसपास वितळतो, असा चुटकीसरशी खाली येत नाही.

सुटी डावी टाकी पुन्हा तोलली. या वेळी सराफ बाजारातल्या ओळखीच्या चांदीवाल्याच्या काट्यावर, पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून आणि ब्रशनं बुडबुडे झाडून. हवेत ४६.४, तूट ५.६. घनता ८.३. फक्त कथील आणि शिसं धरलं तर साधारण तिसरा हिस्सा शिसं. व्हाइटमेटल नक्की.

कानसताना मास्क लावा, कीस झाडून न उडवता ओल्या फडक्यानं पुसा, जेवणाआधी हात धुवा. शिशाची गंमत नाही.

७ जुलै

त्याच चांदीवाल्यांच्या मागे त्यांचे कारागीर काका बसतात. मूर्ती, समया, देव्हाऱ्याचे भाग ओतण्यात आयुष्य गेलेलं. टाकी त्यांच्या हातात दिली. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी आधी बाहेरची बाजू पाहिलीच नाही, उलटी करून आतली पाहिली.

“दादा, बाहेरून काय बघता? बाहेर कानस फिरली, रंग बसला. आत कुणी हात लावत नाही.”

त्यांनी दाखवलेलं, मला समजलं तसं: धातू डायमध्ये दाबून भरला असता तर आत गोल ठिपके दिसले असते, तुकडा बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे. ते नाहीत. जाडी सगळीकडे सारखी नाही, दीड मिमी ते एक. साच्याच्या दोन भागांची रेघ मऊ आहे. खालच्या कडेला दोन ठिकाणी धातू आत आल्याच्या वाटेचे कापलेले बुंधे आहेत. “रबराचा साचा, फिरवून ओतलंय. खोट्या दागिन्यांचं काम असंच करतात.”

मग टाकीच्या आतल्या अंगावर त्यांनी नख फिरवलं. तिथं केसाएवढी एक वाकडी ओरखड आहे आणि तिच्या शेजारी टाचणीच्या डोक्याएवढा खळगा.

“या दोन खोडी लक्षात ठेवा. अस्सल नमुन्यावरची खोड सगळ्या साच्यांत जाते, आणि सगळ्या नगांत येते. साच्याची खोड त्या साच्यापुरती. दुसरा नग मिळाला तर हे लावून बघा.”

निर्माता ओळखायची याहून सरळ रीत मला तरी दुसरी कुठली दिसली नाही. खोका बदलता येतो, रंग बदलतो, चाकं बदलतात. आतली ओरखड कुणी बदलायला जात नाही.

१४ जुलै

संशयितांची यादी. १९५० नंतर ब्रिटनमध्ये डबल-ओ साठी व्हाइटमेटल किट विकणारी ठळक नावं: केज, विल्स फाइनकास्ट, जेम, बेक, नंतर न्यू-कास्ट आणि डीजेएच.

केज किटसोबत बरेचदा आपली स्वतःची चासी आणि मोटरही द्यायचे. तसलं किट असतं तर आसांचं अंतर ६२ ला जवळ आलं असतं. म्हणून बहुधा बाद. जेम नॉर्थ वेल्समधले, त्यांचा ओढा लंडन अँड नॉर्थ वेस्टर्नच्या इंजिनांकडे. डीजेएच नंतरचे, आणि चासीसकट पूर्ण किटवाले. न्यू-कास्टचं तेच.

बाजारातल्या तयार चासीवर बसणारी बॉडी विकणं हा विल्स आणि बेकचा धंदा. कल्पना हुशारीची होती. चासी बांधणं हे किटमधलं सगळ्यात अवघड काम: आस समांतर लागतात, दोन्ही बाजूंची चाकं एकमेकांशी ९० अंशांत बसवावी लागतात, गिअर जुळवावे लागतात. दुकानात ट्राय-अँगची धावती चासी मिळत असेल तर गिऱ्हाइकानं फक्त बॉडी जोडायची. किंमत चार मिलिमीटरच्या चुकीनं मोजायची, जी रुळावरून धावताना कुणाला दिसत नाही. माझ्या बॉडीच्या आत पुढच्या स्क्रूसाठीचा उंचवटा ओतातच आहे आणि तो जिंटीच्या चासीवर बरोबर बसतो. ही सोय घरी कुणी केलेली नाही.

विल्सच्या यादीत जिंटीच्या चासीवरची ९४०० होती. म्हणून विल्सकडे पारडं झुकलं. पण यादीत नाव असणं आणि हातातली वस्तू तीच असणं यांत फरक आहे. एकाच इंजिनाच्या बॉड्या दोन जणांनी काढलेल्या असू शकतात, शिवाय कुणीतरी विल्सच्या बॉडीवरून साचा घेऊन नक्कल ओतलेली असू शकते.

२० जुलै

इंग्लंडमधल्या एका लिलावात विल्सची ९४००, न जोडलेली, खोका आणि पत्रकासकट निघाली. ३४ पौंडांना मिळाली, टपाल १८ पौंड. इंजिनाच्या किमतीच्या जवळजवळ तिप्पट पैसे एका ओरखडीसाठी. घरी आकडा सांगितलेला नाही.

१८ ऑगस्ट

पार्सल बरेच दिवस अडकलं होतं. वर्णनात पाठवणाऱ्यानं नुसतं ‘धातूचे भाग’ लिहिलं होतं, त्यावरून कागद मागवले गेले. लिलावाची पावती, वस्तूचा फोटो आणि ‘खेळण्यातल्या रेल्वेचं जोडायचं किट’ असं लिहून पाठवल्यावर सुटलं. ड्युटी आणि हाताळणी मिळून २,३०० रुपये. कुणी मागवणार असाल तर पाठवणाऱ्याला हे वर्णन आधीच नीट लिहायला सांगा.

खोक्यात भाग वर्तमानपत्रात गुंडाळलेले. मोजून घेतले, एक बफर (इंजिनाच्या टोकाचा धक्का झेलणारा दांडा) कमी आहे. लिलावात ‘पूर्ण’ लिहिलेलं होतं.

२५ ऑगस्ट

सकाळी दोन्ही डाव्या टाक्या शेजारी ठेवल्या, टूलरूममधलं भिंग, खिडकीतला तिरका उजेड.

ओरखड दोन्हींत आहे. त्याच जागी, त्याच वाकणाची, खालच्या कडेपासून त्याच अंतरावर. खळगा फक्त माझ्या टाकीत आहे, नव्या किटमध्ये नाही. काकांनी सांगितलं होतं तसंच: ओरखड अस्सल नमुन्याची, खळगा एका साच्याचा. नमुना एक, साचे दोन.

नक्कल असण्याची शंका उरली होती. नक्कल करणारा तयार तुकड्यावरून साचा घेतो आणि धातू थंड होताना थोडा आक्रसतो, त्यामुळे नक्कल अस्सलपेक्षा लहान येते. दोन्ही टाक्यांची लांबी, दोन्ही केबिन बाजू, पुढची पट्टी व्हर्निअरनं मोजली. कुठंच मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढाही फरक नाही. नक्कल नाही. नव्या किटच्या एका तुकड्याची घनताही काढली: ८.२.

पत्रकातल्या आकृतीत सांधे जिथं दाखवलेत तिथंच माझ्या बॉडीचे उकळत्या पाण्यात सुटले. पत्रक चासीही ट्राय-अँगचीच वापरायला सांगतं.

बॉडी विल्स फाइनकास्ट. चासी, मोटर, चाकं ट्राय-अँग. या विल्सचंच किटांचं काम पुढे साउथ ईस्टर्न फाइनकास्ट या नावानं चालू राहिलं आणि प्लास्टिकच्या इमारतींची किटं पेको या दुसऱ्या मॉडेल रेल्वे कंपनीकडे गेली, त्यामुळे ‘विल्स’ शोधताना आज आधी घरं आणि पूलच दिसतात. शोधणाऱ्यानं गोंधळू नये.

संध्याकाळी दोन्ही टाक्या काकांना नेऊन दाखवल्या. त्यांनी ओरखड बघितली, मान हलवली आणि विचारलं, “हा नमुना पितळेचा असणार. करणाऱ्यानं पॉलिश करताना कानसेचं टोक लावलंय. एवढं बारीक काम करणारा ते पुसून का नाही टाकत?” आतल्या बाजूला असल्यामुळे असेल, म्हटलं. ते त्यांना पटलं नाही.

१ सप्टेंबर

जोडणी. अ‍ॅराल्डाइटच वापरलं, चोवीस तासांचं. पाच मिनिटांचं नको: व्हाइटमेटलच्या भागांची काटकोनात जुळवाजुळव करायला वेळ लागतो आणि ते हातातच धरतं. वितळलेल्या पायरीऐवजी नव्या किटमधली घातली. तो खोका आता एका बफरनं आणि एका पायरीनं अपुरा आहे. पावसाळी हवेत प्रायमर दोनदा ढगाळ आला, कानसपेपरनं घासून काढला. रंग दसऱ्यानंतरच.

खर्च: इंजिन १,८००, रिमूव्हर २२०, टोप ८०, किट आणि टपाल सुमारे ५,५००, ड्युटी २,३००, अ‍ॅराल्डाइट, प्रायमर, पेपर मिळून ४३०. किट न मागवता केवळ मापांवर आणि विल्सच्या यादीवर थांबलो असतो तर अडीच हजारांत ‘बहुतेक विल्स’ एवढं म्हणता आलं असतं.

छताच्या आत, जिथं रंग जाणार नाही, तिथं सुईनं कोरलं: बॉडी विल्स, चासी ट्राय-अँग, पुढची डावी पायरी दुसऱ्या किटमधली.